मुंगी, सूर्य आणि ३१ ऑगस्ट : नवलकविता प्रकल्पाच्या नोंदी

रविवार, २५ मे २०२५

डॉ. जयंत नारळीकर गेले त्याला आज पाच दिवस झाले. पेपरांत लेख येताहेत, पण माझ्या डोक्यात त्यांच्या चरित्रातला एकच प्रसंग फिरतोय. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. आपलं नाव पाहून परीक्षक दबतील म्हणून त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी लावली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात गेली, आणि पहिला क्रमांक आला.

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना हा प्रसंग मी दर वर्षी सांगायचे. आज पहिल्यांदाच वाटलं, की आपणही काही पाठवावं. माझ्या वहीत बारा-पंधरा कविता पडून आहेत. धरणात गेलेलं गाव, दुर्बिणी, अजून न झालेल्या गोष्टी. दिवाळी अंकांना पाठवल्या तेव्हा संपादक प्रेमाने म्हणाले, “ताई, ही विज्ञानकथा आहे की कविता ते ठरवा.” विज्ञानकथेच्या स्पर्धा आहेत, कवितेच्याही आहेत, पण या दोन्हींच्या मधल्या जागेत मराठीत कुणाचं दुकान मला दिसलेलं नाही.

ठरलं ते असं. बारा कवितांची मराठी पुस्तिका स्वतः काढायची. त्यातल्या दोन-तीन कविता भाषांतरातून बाहेर पाठवायच्या. आणि ही वही ठेवायची, म्हणजे मागून येणाऱ्याला सगळं पुन्हा खणावं लागणार नाही.

रविवार, १ जून

नावावरच सकाळ गेली. इंग्रजीत या कवितेला ‘स्पेक्युलेटिव्ह पोएट्री’ म्हणतात. विज्ञान, अद्भुत, भय, पुराणकथा, जे जग आज नाही पण कल्पनेने नीट उभं करता येतं त्याची कविता. ‘अनुमानात्मक काव्य’ म्हटलं की परीक्षेचा प्रश्न वाटतो, आणि ‘विज्ञानकविता’ म्हटलं की शाळेच्या भिंतीवरचा तक्ता.

माझी मैत्रीण मराठीची शिक्षिका आहे, पुस्तिकेचं संपादनही तीच करणार आहे. ती म्हणाली, “अगं, मुक्ताबाई आठव की.” मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते, माशी विते आणि घार होते, आणि ते पाहून मुक्ताई हसते. त्या अभंगातच शब्द आहे ‘नवलाव’. ज्ञानदेवांच्या नावावरचं कूटही आहेच : काट्याच्या टोकावर तीन गावं वसतात, त्यांतली दोन ओसाड, तिसरं वसतच नाही. सातशे वर्षांपूर्वी आपल्याकडे हे लोकांच्या तोंडी होतं. म्हणून नाव ठरलं : नवलकविता.

संध्याकाळी तिकडचा इतिहास टिपून घेतला. अमेरिकेत १९७८ साली सुझेट हेडन एल्जिन यांनी सायन्स फिक्शन पोएट्री असोसिएशन स्थापन केली. २०१७ पासून तिच्या नावात ‘फँटसी’ही आलं. बाई भाषाशास्त्रज्ञ होत्या, आणि बायकांच्या अनुभवाला शब्द पुरत नाहीत म्हणून त्यांनी ‘लाआदान’ नावाची एक अख्खी भाषा रचली. कवितेची संस्था काढणारी आणि भाषा रचणारी बाई एकच आहे, याचा मला फार आधार वाटला.

त्यांचा मुख्य पुरस्कार ऱ्हिसलिंग, तोही १९७८ पासूनचा. ऱ्हिसलिंग हा रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९४७ च्या एका कथेतला आंधळा कवी, अवकाशयानांवर गाणी म्हणत फिरणारा. आपल्याकडच्या वासुदेवाची आठवण झाली.

रविवार, ८ जून

दिवसभर नियम वाचले. कंटाळवाणं काम नाही हे. नियमांमधून संपादक कसा वाचतो ते कळतं. जे पक्कं समजलं ते लिहून ठेवते.

ओळी मोजणं हा या प्रांतातला पाया आहे. ऱ्हिसलिंगच्या छोट्या गटाची मर्यादा ४९ ओळी, पन्नासपासून दीर्घ कविता. दहा ओळींपर्यंतच्या कवितेसाठी २००६ पासून वेगळा ‘ड्वॉर्फ स्टार्स’ पुरस्कार आहे, त्यात शंभर शब्दांपर्यंतची गद्यकविताही बसते. २०१३ पासून पुस्तकांसाठी एल्जिन पुरस्कार आहे, संस्थापक बाईंच्याच नावाचा. त्यात दहा ते ३९ पानांची पुस्तिका वेगळी धरतात आणि चाळीस पानांपासूनचं पुस्तक वेगळं. तीस पानांची पुस्तिका हे पुस्तक व्हायचं राहून गेलेलं काहीतरी नाही, तो स्वतंत्र घाट आहे, हे तिथे मान्य आहे. आपल्याकडे पहिला संग्रह ऐंशी-शंभर पानांचा झालाच पाहिजे म्हणून कच्च्या कविता भरतात, ते मी फार पाहिलंय.

हे तिन्ही आधी छापून आलेल्या कवितांचे पुरस्कार आहेत. अप्रकाशित कवितेसाठी त्याच संस्थेची वार्षिक स्पर्धा आहे. गट तीन : दहा ओळींपर्यंत, अकरा ते ४९, आणि पन्नासच्या पुढे. शीर्षक आणि कडव्यांमधल्या रिकाम्या जागा मोजायच्या नाहीत. सभासद नसलेल्याला एका कवितेचे तीन डॉलर, म्हणजे साधारण अडीचशे रुपये आणि वर कार्डाचा आकार. बक्षिसं प्रत्येक गटात १५०, ७५ आणि २५ डॉलर. मुदत ३१ ऑगस्ट. कवीचं नाव परीक्षकापुढे जात नाही. जगतापांची युक्ती इथे नियमातच आहे.

मासिकांचे दर वाचून बरं वाटलं, कारण दर जाहीर आहेत. ‘स्ट्रेंज होरायझन्स’, २००० सालापासून चालणारं साप्ताहिक, एका कवितेचे ५० डॉलर देतं. ‘अनकॅनी’ ४०. ‘असिमोव्ह्‌ज’ ओळीला एक डॉलर, आणि चाळीस ओळींच्या आतली कविता मागतं. या पैशावर कुणाचं घर चालत नाही. पण कवितेला मोबदला आहे आणि तो आधी सांगितलेला आहे, एवढ्यानेच कवी मान वर करून पाठवू शकतो.

सगळ्यात जास्त मन गुंतलं ते ‘ड्रीम्स अँड नाइटमेअर्स’मध्ये. डेव्हिड कोपास्का-मर्केल १९८६ पासून हे छोटं मासिक काढताहेत. ते भूशास्त्रज्ञ आहेत, अलाबामात असतात. जवळपास चाळीस वर्षं एक माणूस दुसऱ्यांच्या कविता वाचतो, निवडतो, छापतो आणि टपालात टाकतो. मला लगेच १९५४ चं मुंबईतलं ‘शब्द’ हे अनियतकालिक आठवलं. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी सायक्लोस्टाइल करून काढलेलं. ही माणसं एकाच जातकुळीतली.

रविवार, १५ जून

आज फक्त एका कवितेवर काम केलं.

माझं आजोळ पळसदेवचं, जुन्या पळसदेवचं. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेच्या फुगवट्यात गाव गेलं. नवं गाव सोलापूर रस्त्यालगत वसलं. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं दगडी देऊळ वर येतं आणि लोक होडीने किंवा चिखल तुडवत दर्शनाला जातात. आजी दर वर्षी विचारायची, “औंदा देऊळ दिसलं का?” शेजारणीची खुशाली विचारावी तसं.

कवितेत एवढंच नवल आहे, की पाण्याखाली चावडी अजून भरते.

पाण्यात भरली चावडी
गाळाची अंगावर घोंगडी
मासोळी वाचिते यादी बापडी
कोण नाही आले

घाट ओवीचाच ठेवला आहे, तीन चरण यमकाचे आणि चौथा अर्धा, तुटलेला. मैत्रिणीने ‘बापडी’वर पेन्सिलीची खूण केली. यमकासाठी आलंय का, असा तिचा प्रश्न. मी दोन तास विचार केला. यमकासाठी आलं होतं, पण आता ते हलत नाही. हजेरी घेणारी मासोळीच बिचारी आहे, कारण यादीतली सगळी माणसं वर, कोरड्यात आहेत आणि ती एकटी त्यांची वाट बघतेय. शब्द राहिला.

शीर्षक ‘बुडीत’.

शनिवार, २१ जून

दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी. रस्ते बंद, घरी सोलापूरकडचे पाहुणे. प्रकल्पाचं काम शून्य. रात्री माजघरात वारकरी बायका जात्यावरच्या ओव्या म्हणत होत्या, त्यांतली एक ऐकून दुसरी नवलकविता सुचली. दोन ओळी टिपून ठेवल्या.

शनिवार, ५ जुलै

भाचीबरोबर भाषांतराची तिसरी बैठक. ती न्यू जर्सीत असते, तिथेच वाढली, मराठी बोलते छान आणि वाचते सावकाश. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ.

मशिनकडून भाषांतर करून घ्यायचं नाही हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. बऱ्याच मासिकांनी ते नियमातही लिहिलंय. पण आमचं कारण वेगळं आहे. भाची म्हणाली, “मावशी, तू शब्द सांगताना जे सांगतेस ना, ते मला हवंय. नुसता अर्थ मला मिळेल कुठूनही.”

‘बुडीत’वर पाऊण तास गेला. सरकारी कागदात ‘बुडीत क्षेत्र’ असतं, बँकेत ‘बुडीत कर्ज’ असतं. आजोबांना मोबदला मिळाला तो कर्जात गेला, म्हणजे शेत आणि पैसा दोन्हींना एकच विशेषण लागलं. इंग्रजीत पाण्याला एक शब्द आणि कर्जाला दुसरा. तिने तीन पर्याय लिहिले, तिन्ही खोडले.

मग ‘धरणग्रस्त’. ती म्हणाली, “ग्रस्त म्हणजे ‘अफेक्टेड’ ना?” मी म्हटलं, तेवढंच नाही. ग्रस्त म्हणजे गिळलेला. खग्रास ग्रहणातला जो ग्रास, तोच हा. धरणग्रस्त म्हणजे धरणाने ग्रासलेला माणूस. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, “मग तुझी मुंगीने सूर्य गिळल्याची गोष्ट पण इथेच आहे की.”

मी तीस वर्षं ग्रहणं शिकवली, आजोळचे लोक आयुष्यभर स्वतःला धरणग्रस्त म्हणवून घेत राहिले, आणि या दोन शब्दांतलं नातं मला परदेशात वाढलेल्या मुलीला समजावताना दिसलं. त्या ओळीत आता तिने ग्रहणाचाच शब्द घेतलाय. इंग्रजीत पाणी गावाला ग्रहणासारखं लागतं. मूळ मराठीत हे इतकं उघड नव्हतं, म्हणून मीही मराठीतला एक चरण बदलला. भाषांतराने मूळ कविता सुधारली असं होतं.

भाषांतरासाठी आमच्या यादीत सगळ्यात वर ‘समोवार’ आहे. ‘स्ट्रेंज होरायझन्स’चंच हे भावंड, २०१७ पासून फक्त भाषांतरित साहित्यासाठी. मूळ भाषेतला मजकूरही ते सोबत प्रसिद्ध करतात, आणि कवीला व भाषांतरकाराला सारखं मानधन देतात. तिथे घेतली गेली तर ‘बापडी’ देवनागरीत राहील. मला पैशाहून याचं मोल जास्त आहे.

रविवार, १३ जुलै

एक गोष्ट संतापाने लिहितेय, पण नीट लिहिते, कारण नव्या मुलांना ती ठाऊक असायला हवी.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. आनंदाने रडत होती. तिची कविता ‘आंतरराष्ट्रीय’ संग्रहासाठी निवडली गेली होती. पत्र वाचून दाखव म्हटलं. निवडीचं अभिनंदन, मग मानचिन्ह, प्रमाणपत्र आणि दोन प्रतींसाठी १,४९९ रुपये सात दिवसांत भरा. परीक्षक कोण, ते नाही. किती कविता आल्या आणि किती घेतल्या, ते नाही. हक्क कुणाकडे राहणार, ते नाही. तिच्या दोन मैत्रिणीही निवडल्या गेल्या होत्या. नाकारलेलं कुणीच सापडेना.

जेम्स मॅकडोनल्ड या लेखकाचं सूत्र या प्रांतात ‘योगचा नियम’ (Yog’s Law) म्हणून ओळखलं जातं : पैसा लेखकाकडे वाहिला पाहिजे. स्पर्धेची लहान प्रवेश फी मला चालते, पण ती आधी जाहीर हवी, बक्षिसाची रक्कम लिहिलेली हवी आणि गेल्या वर्षीचे विजेते वाचायला मिळायला हवेत. निवड झाल्यावर पैसे मागणारा माणूस कविता विकत नसतो, कवीला विकत असतो.

तिला हे सांगणं जड गेलं. ती म्हणाली, “मॅडम, मग माझी कविता चांगली नाहीये का?” मी म्हटलं, कविता मला पाठव, मी वाचते, मग बोलू. ती खरंच चांगली आहे. शेवटची चार कडवी जास्तीची आहेत, तेवढंच.

रविवार, २० जुलै

दोन चुका झाल्या, दोन्ही माझ्या.

बारापैकी एक कविता, लोणारच्या सरोवरावरची, मी गेल्या वर्षी फेसबुकवर टाकली होती. सगळ्यांना दिसेल अशी. बहुतेक मासिकं याला ‘प्रकाशित’ धरतात आणि प्रथम प्रकाशनाचे हक्क मागतात. ते माझ्याकडे आता नाहीत. पोस्ट काढून टाकली तरी झालं ते झालं. ती कविता पुस्तिकेत जाईल, स्पर्धेत नाही. (२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, त्यावरची ती कविता आहे. माझ्या आवडीची. असो.)

दुसरी चूक : एकच कविता मी एका वेळी दोन ठिकाणी पाठवली, आणि त्यांतल्या एका मासिकाला ते चालत नाही. तिथल्या संपादकांना लगेच पत्र लिहून कविता मागे घेतली, कारणासकट. त्यांचं दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं. आता वहीच्या शेवटी आडवं पान आखलंय : कविता, कुठे, कधी, दुहेरी चालते का, उत्तर. जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर.

शनिवार, २ ऑगस्ट

शनिवार पेठेतल्या प्रेसमध्ये गेले. प्रेसवाले काका पन्नास वर्षं या धंद्यात आहेत, खिळे जुळवण्यापासूनचे.

“ताई, किती पानं?”

“तीस होतात, काका.”

“तीस होत नसतात. अठ्ठावीस करा नाहीतर बत्तीस. कागद दुमडला की चार पानं.”

बत्तीस ठरली, वर कव्हर. डेमी आकार, आत ८० जीएसएमचा मॅपलिथो, कव्हरला आर्ट कार्ड, मध्ये दोन पिना. शंभर प्रती डिजिटलवर, प्रत ४२ रुपये. ऑफसेट हजार प्रतींना परवडतं, शंभरला नाही. या यंत्रामुळेच माझ्यासारखीला आज प्रकाशक होता येतंय.

काकांनी पहिली कविता उभ्यानेच वाचली. “हे पळसदेव का?” त्यांची सासुरवाडी भिगवणची निघाली. मग अर्धा तास पाण्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांबद्दल बोलणं झालं. निघताना म्हणाले, “एका पानावर एकच कविता ठेवा. खाली जागा उरली तर उरू दे. ओवीला श्वास लागतो.” मी कागद वाचवायला दोन-दोन कोंबल्या होत्या. परत येऊन सगळी मांडणी मोडली. बत्तीस पानांत बारा कविता, शीर्षकाची पानं, मैत्रिणीचं छोटं टिपण आणि शब्दार्थाचं एक पान बसतं.

आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा, अर्ज ऑनलाइन केला. राजा राममोहन रॉय संस्थेकडून तो फुकट मिळतो. कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

रविवार, १७ ऑगस्ट

सकाळी भाचीचा मेसेज : “मावशी, उठ आणि बघ!” सिएटलला वर्ल्डकॉन, म्हणजे विज्ञानकथा-अद्भुतकथांचं जागतिक संमेलन, आहे. तिथे काल रात्री, म्हणजे आपल्या आज सकाळी, या प्रांतातले मानाचे ह्युगो पुरस्कार दिले गेले. यंदा आयोजकांनी आपल्या अधिकारात एक खास विभाग ठेवला होता : उत्कृष्ट कविता. मारी ब्रेनन यांची ‘अ वॉर ऑफ वर्ड्‌स’ पहिली आली, ‘स्ट्रेंज होरायझन्स’मध्ये गेल्या सप्टेंबरात आलेली. नेब्युला या दुसऱ्या मोठ्या पुरस्कारातही २०२५ मध्ये प्रसिद्ध होणाऱ्या कवितांपासून कवितेचा विभाग सुरू होतोय.

१९७८ मध्ये एल्जिन बाईंनी संस्था काढली तेव्हापासून ४७ वर्षं ही माणसं आपापसात कविता वाचत, मोजत, निवडत राहिली. मोठ्या मंडपात खुर्ची मिळायला एवढा काळ लागला, आणि तोवर दिवा तेवता ठेवला तो ‘ड्रीम्स अँड नाइटमेअर्स’सारख्या चार-चार पानांनी. मला दिवसभर आनंद होता.

रविवार, २४ ऑगस्ट

स्पर्धेची कविता. ही मी थेट इंग्रजीत लिहिली आहे, भाषांतर नाही. पालखीच्या रात्री सुचलेली ती. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची, नारायणगावच्या शेतांमध्ये विखुरलेल्या. कवितेत त्या तबकड्यांना फार लांबून एक ओवी ऐकू येते, आणि ती जात्यावरची असते. कुणीतरी, कुठेतरी, पहाटे दळत बसलंय.

तीन ओव्या आहेत. प्रत्येकीच्या चार ओळी, चौथी अर्धी. म्हणजे बारा. दहाच्या गटात ती बसत नाही, दोन ओळी जास्त होतात. अकरा ते ४९ च्या गटात पाठवायची तर चाळीस-चाळीस ओळींच्या कवितांशेजारी ती बसणार.

भाची म्हणाली, “दोन अर्ध्या ओळी वरच्या ओळीला जोडून टाक, दहा होतील.” करून पाहिलं. दिसतेही बरी. पण मोठ्याने म्हटली तेव्हा खुंटा थांबलाच नाही. जातं ओढताना बाई चौथ्या चरणाला दम घेते, तिथे हात बदलते, मूठभर दाणे टाकते. त्या तुटक्या ओळीतच दळणारी बाई आहे. ती जोडली की उरते नुसती माहिती.

मैत्रिणीने काहीच सांगितलं नाही, फक्त दोन्ही प्रती माझ्याकडून म्हणवून घेतल्या आणि बाराची माझ्या हातात ठेवली.

बारा ओळींची जाणार.

रविवार, ३१ ऑगस्ट

आज गौरींचं आवाहन आणि आजच मुदत. सकाळपासून रांगोळीची पावलं, मुखवटे, साड्या, उद्याच्या पुरणाची डाळ भिजत घालणं. मनात सारखं घड्याळ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या घड्याळापेक्षा आपण साडेबारा तास पुढे आहोत, तेव्हा हाताशी वेळ होता, पण मी आपल्याच मध्यरात्रीचा हिशोब धरला. मुदतीच्या आदल्या आठवड्यात पाठवावं हे शहाणपण पुढच्या वर्षी पाळायचं.

गौरी आत आल्या, सून विचारत होती, “कशाच्या पावलांनी आली?” आणि मी म्हणत होते, “सोन्या-मोत्याच्या पावलांनी.” ते आटोपून साडेनऊला बसले. फाइलमध्ये माझं नाव कुठे राहिलेलं नाही ना, ते तीनदा तपासलं. फाइलच्या नावातसुद्धा नको. पेपालवर कार्डाने तीन डॉलर भरले. (पुढच्यांसाठी : परदेशातून मानधन यायचं असेल तर पेपाल खात्याला पॅन जोडावा लागतो आणि पैसे कशाचे ते सांगणारा पर्पज कोड निवडावा लागतो. तो आधीच करून ठेवावा.)

दहा वाजून चाळीस मिनिटांनी कविता गेली. परत येऊन गौरींपुढे बसले. सुनेने विचारलं, “आई, झालं काम?” झालं म्हटलं.

रविवार, १४ सप्टेंबर

पुस्तिका आली. शंभर प्रती, दोन गठ्ठे. कव्हरवर काळ्या पाण्यातून वर आलेलं देवळाचं शिखर, मैत्रिणीच्या मुलाने काढलेलं. आतल्या पानांवर काकांच्या सांगण्याप्रमाणे भरपूर कोरी जागा. सातव्या पानावर एक काना राहिलाय, तो मी शंभरही प्रतींत पेनने घातला.

१९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. छोटे प्रकाशक हे टाळतात असं ऐकते. मला तर ही सगळ्यात आवडलेली गोष्ट वाटली. बत्तीस पानांची पुस्तिका असली तरी तिला देशाच्या कपाटात जागा आहे.

टपालाचं बदललंय. नोंदणीकृत पुस्तकांची जुनी स्वस्त सेवा गेल्या डिसेंबरात बंद झाली, तेव्हा छोट्या प्रकाशकांची फार अडचण झाली. रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात विलीन करायचं ठरलंय. मेपासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा आहे, ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून. माझी पुस्तिका शंभर ग्रॅमही भरत नाही. त्या सेवेत ती बसते का, ते उद्या काउंटरवर प्रत दाखवूनच विचारणार.

काल रात्री ‘बुडीत’ला पहिला नकार आला. एका मासिकाकडून, तीन ओळींचा. त्यात लिहिलंय, की हजेरी घेणारा मासा लक्षात राहिला. भाचीला लगेच पाठवला. तिचं उत्तर : “मावशी, मासा नाही, मासोळी. बाई आहे ती. हे माझं चुकलंय, इंग्रजीत कळतच नाही.”

तिचं बरोबर आहे. आज तासभर बोललो. आता त्या ओळीत ‘ती’ आली आहे, आणि तिच्या हातात यादीऐवजी दुरडी दिली, कारण पळसदेवला घरोघरी माणसं मोजत फिरायची ती आजी, लग्नाच्या अक्षता घेऊन. मराठी पुस्तिकेत यादीच राहणार, ती छापून झाली. इंग्रजी प्रत भाची बुधवारपर्यंत पक्की करेल. हजेरीपटाच्या पानावर ‘बुडीत’पुढे दुसरी ओळ आखून ठेवली आहे. उद्या सकाळी दहाला पोस्ट उघडतं.